धसईहून शहापूर, कोंबडीसकट

२५ जानेवारी २००४, रविवार

पत्र आलं!! शहापूरहून! बाबा काल वाशिंदहून आले ते खिशात घेऊनच आले. आईने आधी तिकडे पत्र टाकलं होतं, त्यात पत्ता आम्ही त्यांच्या कंपनीचाच दिला होता — वाडीत पोस्टमन उगवतो महिन्यातून एकदा.

घरी मुलांना शिकवणाऱ्या आईबापांचा मेळावा आहे. ७ आणि ८ फेब्रुवारी. 'सहकुटुंब यावे. सौ. दामिनी यांनी आपल्या अनुभवावर दहा मिनिटे बोलावे. हर्षालीने आपले काम मांडावे.' माझं नाव! बाकीचं सगळं छापलेलं, पण आईचं आणि माझं नाव पेनाने लिहिलंय.

आईने तीनदा वाचलं. मग चुलीकडे गेली आणि भाकरी करपवली.

आजीने विचारलं, "सहकुटुंब म्हंजी काय गो?" मी म्हटलं, सगळ्यांनी. "मंग मी पन," म्हणाली आणि लुगडं वाळत घालायला गेली. संपला विषय.

बाबा मात्र जेवताना म्हणाले, "जाऊ. शिकलेली माणसं असतील तिथं. ती काय म्हणतात बघू. त्यांना पटलं तर ठीक. नाय तर जूनपासून हर्षाला मुरबाडला माझ्या बहिणीकडं ठेवू, हायस्कूलला जाईल." आईने त्यांच्या ताटात भात वाढला.

मुरबाड नको. मुरबाडची आत्या चांगली आहे, पण नको.

२ फेब्रुवारी, सोमवार

नकाशा पूर्ण!!! आमच्या वाडीचा. सदतीस घरं, दोन विहिरी, ओहोळ, देवाचं रान, सगळ्यांची खळी. पावलांनी मोजलाय. दहा पावलं म्हणजे कागदावर एक बोट. दिवाळीपासून चाललं होतं. चार चार्टपेपर खळीने चिकटवले आहेत, पसरला की अख्खी ओसरी भरते.

आजी आली, बघितलं, म्हणाली, "यात माझं घर कंचं?" दाखवलं. "येवढंसं?"

तिथे कुणी विचारलं की शाळेत का जात नाहीस, तर काय सांगायचं ते पाठ करतेय. चौथीपर्यंत वाडीच्या शाळेत होते. पाचवीला राहायच्या शाळेत घातलं. तिथे कावीळ झाली, दिवाळीला बाबांनी घरी आणलं, आणि बरी झाल्यावर मी परत जायला नाही म्हटलं. तीन दिवस जेवले नाही. मग आई म्हणाली, "मी शिकवते. माझी बारावी झालीय." झालं. तेव्हापासून आमची शाळा ओसरीवर. सकाळी गणित आणि मराठी. दुपारी मी गुरं पाण्यावर नेते. परत आले की विज्ञान, इंग्रजी. आता आठवीची पुस्तकं चालू आहेत आणि माझं तेरावं अजून संपायचंय!

जेवले नाही ते सांगायचं की नाही? नको.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आई घाबरली आहे. तोंडाने म्हणत नाही. पण दहा मिनिटांचं भाषण म्हशीसमोर म्हणून बघत होती. म्हैस पाचव्या मिनिटाला उठून गेली. मी इतकी हसले की आईपण हसली.

बाबांचा निरोप आला — पाळी बदलली, शुक्रवारी रात्रपाळी लागली. ते घरी येणार नाहीत, तिकडूनच थेट शहापूरला येतील. म्हणजे आम्ही तिघीच! आई, आजी आणि मी. आजी आयुष्यात मुरबाडच्या पुढे गेलेली नाही. आई एकदाच कल्याणला.

आजी कोंबडी घेणार आहे. भेट द्यायला. आई आजीला म्हणाली, आत्याबाय, तिथं शहरातली माणसं असतात, कोंबडी कशाला? आजी म्हणाली, "शहरातली मान्सं कोंबडी खात नाय का? कुनाच्या दारात रिकाम्या हातानं जायाचं नाय."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या!!!!

७ फेब्रुवारी, शनिवार (संध्याकाळ, शहापूर)

पोचलो. पण कसे! पहिल्यापासून लिहिते.

पहाटे वाडीतून चालत धसईला. मी नकाशाची गुंडाळी खांद्यावर, आई पिशव्या, आजीच्या काखेत कापडी पिशवी आणि पिशवीतून कोंबडीचं डोकं बाहेर. धसईला नवशाची जीप मिळाली. नवशा आमच्या ओळखीचा, रोज सरळगावपर्यंत माणसं नेतो. म्हणाला, "नवाची शहापूर एस.टी. देतो पकडून, टेन्शन नको घेऊ वयनी."

अर्ध्या वाटेत टायर बसला. दुसरा टायर काढला तर तोही बसलेला! नवशा त्या टायरकडे असा बघत होता जणू टायरनेच त्याला फसवलं. सगळे खाली उतरून झाडाखाली बसले. आजीने कोंबडीला पाणी पाजायला पिशवीची गाठ जरा सैल केली — आणि गेली! कोंबडी वालाच्या शेतात! जीपमधली सगळी माणसं मागे. एक म्हातारबाबा काठी घेऊन, एक बाई कडेवर पोर घेऊन. नवशा टायर सोडून. शेवटी आईने झडप घातली, कोंबडीवर पडलीच म्हणा. कोंबडी सापडली. आईचं नवं लुगडं गुडघ्यापाशी फाटलं आणि मातीने भरलं. भाषणाचं लुगडं!

आई मातीत बसून हसत होती. मला वाटलं रडेल.

सरळगावला पोचलो तर एस.टी. कधीच गेलेली. पुढची थेट दुपारी. मग नवशानेच भेंडीचा एक टेम्पो थांबवला, किन्हवलीपर्यंत जाणारा. आई आणि आजी ड्रायव्हरशेजारी. मी मागे, भेंडीच्या क्रेटांवर. मस्त वाटत होतं, वारा, सगळीकडे भेंडीचा वास. गुंडाळी मी क्रेटांच्या फटीत खोचली होती.

पुलावर आलो. वारा जोरात. गुंडाळी उचलली गेली. मी हात घातला, दोरी हाताला लागली पण कागद नाही. कठड्यावरून खाली. मी टेम्पोच्या टपावर धाडधाड मारलं, टेम्पो थांबला, धावत मागे गेले. पाण्यात उलगडत उलगडत चालला होता. शाई पसरलेली दिसत होती.

दिवाळीपासूनचं काम.

मी तिथेच पुलावर बसले आणि मोठ्याने रडले. आईने मला धरलं. आजी हळूहळू चालत आली, कठड्यावरून खाली बघितलं आणि म्हणाली, "गेला तं गेला. कागूदच गेला ना? वाडी कुठं गेलीय?"

मला तेव्हा राग आला तिचा.

किन्हवलीहून एस.टी. मिळाली. शहापूरला उतरलो तेव्हा दोन वाजून गेले होते. यायचं होतं दहाला! गावाबाहेर एका संस्थेचा हॉल आहे, तिथे फाटकावर बाबा उभे. कंपनीचाच शर्ट. रात्रपाळी करून सकाळी आठपासून उभे होते, आम्हाला बघून नुसतं "आल्या," म्हणाले. मग आईचं लुगडं बघितलं, माझे डोळे बघितले, कोंबडी बघितली. "काय झालं?" तिघी एकदम बोलायला लागलो.

मेळावा भरवणाऱ्या वृंदाताई बाहेर आल्या. पांढरे केस, आवाज गोड. आजीने सरळ कोंबडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी अशी धरली जशी गरम पातेली धरतात. "आम्हाला? अगं बाई... आम्ही खात नाही हो आजी." आजी म्हणाली, "मंग अंडी खा." आता कोंबडी मागच्या आंब्याला बांधली आहे. पोरं तिला कांदेपोहे घालतात.

सगळ्यांना छातीवर लावायला कार्डं दिली. नाव, गाव, शिक्षण. आईचं आधीच लिहून ठेवलेलं — पत्रात तिने जसं कळवलं होतं तसं. 'सौ. दामिनी. धसई. बारावी.' इतरांची कार्डं बघितली. इंजिनिअर, डॉक्टर, बी.एस्सी., एम.ई. काय काय. पुण्याची, नाशिकची, डोंबिवलीची माणसं. आईने पदर घेतला तो कार्डावरून घेतला.

मुलांचं काम एका खोलीत टेबलांवर मांडलंय. एकाने स्वतः दुर्बीण केलीय, तिच्यातून चंद्राचे खड्डे दिसतात म्हणे! एकीने फुलपाखरांची चित्रं. माझ्या नावाचं टेबल रिकामं. नुसती चिठ्ठी, 'हर्षाली — माझ्या वाडीचा नकाशा.' शेजारच्या टेबलवाल्या ऋताने विचारलं, कुठाय नकाशा? सगळं सांगितलं. ती चौदाची आहे, नाशिकची, घरीच शिकते आणि पुढच्या वर्षी दहावीला बसणार! शाळेत न जाता! सतरा नंबरचा फॉर्म भरला की बसता येतं म्हणे. मी तिला तीनदा विचारलं, खरंच? बोर्डाची? तीच परीक्षा? तीच!!

पळत जाऊन बाबांना सांगितलं. "असं पण असतं?" म्हणाले. मग डोकं खाजवत राहिले. म्हणजे विचार करतायत.

८ फेब्रुवारी, रविवार (एस.टी.त, अक्षर वाकडं येतंय)

सकाळी आजीने मला उठवलं. "चल. मागं अंगन हाय मोठं. काढ वाडी." मी म्हटलं, कागद कुठाय? "कागूद कशाला लागतो तुला?"

आणि खरंच! वृंदाताईंकडे मागितला तर त्यांनी मैदान आखायचा चुना दिला, अर्धं पोतं. ऋता आली, दुर्बीणवाला आला, फुलपाखरंवाली आली. दहा पावलं म्हणजे इथे एक पाऊल धरलं. मी आकडे तोंडपाठ सांगत होते, आजी मधे उभी राहून हुकूम सोडत होती. "ओहोळ तिथं नाय, अलीकडं. देवजीच्या खळ्याला लागून." "अगो ती वाट वाकडी हाय, सरळ काय काढतंस?" काही गोष्टी माझ्या कागदावर नव्हत्याच. कुठल्या झाडाखाली उन्हाळ्यातपण ओल असते. पहिली वाडी कुठे होती आणि तिथून का उठली. कुठल्या बांधावर कुठला कंद. आजीने मला हे कधी सांगितलंच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं!

नऊ वाजेपर्यंत अख्खं अंगण आमची वाडी झालं. पाण्यात गेला त्याच्यापेक्षा चांगला झाला नकाशा, देवाशप्पथ. सगळे मोठे लोक आले. कुणीतरी म्हणालं, "यात चालायचं का?" आणि सगळे चालायलाच लागले! वाटेवरून, एकामागून एक. आजी मधोमध. एक चष्मेवाले गृहस्थ घड्याळ बघत उभे होते, त्यांना आजी ओरडली, "ओ चष्मेवाले, तुमी हिरीत उभं हाव!" ते टुणकन उडी मारून बाहेर आले. मी हसून हसून खाली बसले. बाबा भिंतीपाशी उभे राहून बघत होते, हाताची घडी घालून. बाबा माझ्याकडे असं बघतात हे मी आधी कधी बघितलं नव्हतं.

एवढ्यावर दिवस संपला असता तर बरं झालं असतं. की नाही? माहीत नाही.

अकराला आईचं भाषण. फाटलेल्या जागी वृंदाताईंनी टाके घालून दिले होते. आई चांगली बोलली! ओसरीवरची शाळा, बियांवरून भागाकार कसा शिकवला, नकाशा कसा सुरू झाला. लोक लिहून घेत होते! मग प्रश्न. ते विहिरीवाले चष्मेवाले उठले. चांगल्या मनानेच विचारलं त्यांनी. "ताई, बारावीला तुमचा विषय काय होता? सायन्स का?"

मला वाटलं आईला ऐकू आलं नाही. मी पहिल्या ओळीतून हळूच म्हटलं, आई, विषय विचारतायत. आईने माझ्याकडे बघितलं. मग पदर बाजूला केला, कार्डाची पिन काढली आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

"मी खोटं लिहिलं. माझी सातवी झालीय," आई म्हणाली. "पुढची शाळा लांब होती, मंग राहिलं. पोरीला घरी आणली तेव्हा तिनं मला विचारलं, तुला सगळं येतं का? मी बारावी सांगितली. सातवी म्हटलं असतं तर ती माझ्यासमोर बसली नसती. सातवीपर्यंतचं मला येत होतं. आठवीचं येत नाय. दुपारी ती गुरं पाण्यावर नेते ना, तेवढ्या वेळात मी दुसऱ्या दिवसाचा धडा शिकते. एक दिवस पुढं असते तिच्या. तेवढीच."



चष्मेवाले अजून उभेच होते. म्हणाले, "ताई, मी एम.ई. झालोय. माझ्या मुलाने मला न येणारं काही विचारलं की मी त्याला ओरडतो." आणि बसले. त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे वळून बघितलं.

पुढे काय झालं मला माहीत नाही. मी उठून बाहेर गेले.

अंगणात गेले आणि आमच्या घराच्या चौकोनात बसले. म्हणजे मी अवघड काही विचारलं की आई म्हणायची, "उद्या सांगते, आज काम हाय," ते — ते हे होतं! आणि मी वेडी, मला वाटायचं तिला कामच खूप. सव्वादोन वर्षं! आणि मग माझं गणित? ते बरोबर आहे की चूक? ते आता कोण सांगणार?

बाबा आले. उंबऱ्याच्या रेघेबाहेर थांबले, आत नाही आले.

"तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं.

"सातवी माहीत होती. लग्नात सांगितलेलं. दुपारचं माहीत नव्हतं." मग म्हणाले, "मला वाटायचं, तुम्ही दोघी नुसत्या बसता पुस्तकं घेऊन."

"आता मला मुरबाडला ठेवणार."

"कोन म्हनलं?" बाबा रागावले की असे बोलतात, आजीसारखे. "दुपारी झोपायच्या टायमाला जी बाय आठवीचं गणित करते तिच्यापासून पोर काढून मी मुरबाडला नेऊ? येडी का काय."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला पण. पण मी आईशी बोलले नाही. जेवताना नाही, निघताना नाही. ऋताने पत्ता दिला, वृंदाताईंनी मला कंपासपेटी दिली, कोंबडीने म्हणे जाता जाता अंडं दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई माझ्या शेजारच्या सीटवर आहे. मी हे लिहितेय ते ती बघत नाही, खिडकीबाहेर बघतेय. मुद्दाम.

९ फेब्रुवारी, सोमवार

बाबा वाशिंदला गेले. सकाळी ओसरीवर आईने पुस्तकं काढली नाहीत. मी पण मागितली नाहीत. दुपारी गुरं नेली. अर्ध्या वाटेत गुरं आजीच्या हवाली करून परत आले, मागच्या दाराने, चोरून.

आई ओसरीवर. मांडीवर माझं आठवीचं गणित, हातात पाटी. ओठ हलत होते. पुसत होती, परत लिहीत होती. परत पुसत होती. एकदा कपाळावर हात मारला. मग काहीतरी जमलं असणार, कारण एकटीच हसली. एकदम. कुणाला दाखवावं म्हणून इकडेतिकडे बघितलं, कुणी नव्हतं.

मी तशीच परत गेले.

११ फेब्रुवारी, बुधवार

माझी वही आणि पुस्तक घेऊन मीच आईसमोर बसले. म्हटलं, तपासू. पहिल्यापासून. दोघींनी.

आई लगेच बसली. हातसुद्धा पुसले नाहीत, पिठाचेच. पुस्तकामागची उत्तरं ताडून, एकेक गणित परत केलं. दिवस मावळेपर्यंत. एकशेदहा गणितं आणि चूक किती? चार! फक्त चार! चारही ठिकाणी आईने लाल पेनाने बरोबरची खूण केलेली. मी पेन घेतलं आणि त्या खुणेवर फुली मारली. आईच्या खुणेवर!

आई म्हणाली, "मोठी मार. लांबून दिसली पायजे."

मग मी विचारलं, सातवीनंतर तू रडलीस का? आई म्हणाली, "तीन दिवस जेवले नव्हते."

२० जून, रविवार

ऋताचं पत्र आलं. सतरा नंबरचे फॉर्म भरायचे दिवस जवळ आले, उशीर करू नकोस, मुरबाडच्या हायस्कूलमध्ये विचार, असं लिहिलंय. बाबा पुढच्या महिन्यात रजा काढणार आहेत. आठवीची पुस्तकं संपली, नववीचं अर्धं झालं! आता कोणी कुणाच्या पुढे नाही, दोघी एकत्रच वाचतो. कळलं नाही की दोघींना कळत नाही. मजा येते.

२८ जुलै, बुधवार

मुरबाडला जाऊन आलो. हायस्कूलमधल्या क्लार्कने माझा जन्मदाखला बघितला आणि परत दिला. "चौदा पूर्ण नाय. वय बसत नाय. पुढच्या टायमाला या." बाबांनी कोरा फॉर्म तसाच धरून ठेवला, परत दिला नाही. मग आईकडे वळले आणि म्हणाले, "सातवीचा दाखला आहे ना अजून? ट्रंकेत?"

फॉर्म भरला. नाव दामिनी. अक्षर माझं.